अनोळखी अवशेषांची ओळख : डीएनए मिळाल्यानंतरचे काम

आपला प्रश्न दोन भागांचा आहे. हाडांमधून डीएनए मिळाला, तो नोंदणीतील लोकांशी ताडून पाहिला, तरीही एखाद्या अनोळखी मृतदेहाचे नाव कळायला महिने आणि कधी कधी वर्षे का लागतात, हा पहिला भाग. घरातले कोणी फार पूर्वी बेपत्ता झाले असेल, तर त्या घरातील कोणी डीएनए द्यावा आणि त्याचा उपयोग होतो का, हा दुसरा. वंशावळी जुळवण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे, म्हणून पहिल्या भागावर जरा सविस्तर लिहितो. दुसऱ्याचे उत्तर त्यातूनच बरेचसे निघते.

डीएनएमध्ये नाव, पत्ता किंवा जन्मतारीख नसते. ही मृत व्यक्ती आणि नोंदणीतील अमुक एक जिवंत व्यक्ती यांच्यात जनुकीय वारशाचा किती भाग समान आहे, एवढेच त्यातून कळते. नाव शेवटी सापडते ते जन्मनोंदीत, जनगणनेच्या पानावर, विवाहाच्या नोंदवहीत किंवा वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत, आणि बहुतेक वेळ तिथेच जातो.

पोलिसांची नेहमीची डीएनए तपासणी आणि ही पद्धत यांत लोक बऱ्याचदा गल्लत करतात. अमेरिकेतील ‘कोडिस’ या नोंदणीत पूर्वी डीएनएवरील 13 ठिकाणे तपासली जात. 2017 पासून 20 तपासली जातात. दोन नमुने एकाच माणसाचे आहेत का, किंवा दोन व्यक्तींत पालक आणि मूल असे नाते आहे का, हे सांगायला एवढी ठिकाणे पुरतात. दूरच्या नातलगाचा माग मात्र त्यातून लागत नाही. म्हणजे बेपत्ता मुलीच्या आईने आधीच नमुना दिलेला असेल तर कोडिस उपयोगी; तक्रारच नोंदवली गेली नसेल तर ती नोंदणी मुकी राहते. वंशावळीच्या कामासाठी वेगळी चाचणी लागते. तिच्यात ‘एसएनपी’ म्हटले जाणारे एकेका अक्षराचे लाखो फरक वाचले जातात, आणि म्हणूनच पणजोबा किंवा खापरपणजोबा समान असलेले नातलगही दिसू लागतात.

तेवढा डीएनए हाती येणे हीच पहिली अडचण. जुन्या सांगाड्यात दात आणि कानाच्या आतल्या भागाभोवतीचे घट्ट हाड यांत तो सर्वाधिक टिकतो, पण तिथूनही जे निघते त्यात मातीतील जिवाणूंचाच डीएनए बहुतांश असतो. गव्हातून खडे निवडण्याऐवजी खड्यांतून गहू निवडावे, तसा हा प्रकार आहे. शरीर फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ते टिकवण्यासाठीच्या रसायनात, राहिले असेल तर डीएनएचे तुकडे आणखी बारीक होतात. अनेकदा दफनाची नेमकी जागाच कोणाला ठाऊक नसते, किंवा दहन झालेले असते. अशा वेळी कोणीतरी, कधीतरी, वेगळ्याच कारणाने जपून ठेवलेला नमुना कामी येतो. 1981 मध्ये ओहायो राज्यात रस्त्याकडेला सापडलेली तरुणी तिच्या अंगावरील जाकिटामुळे ‘बकस्किन गर्ल’ म्हणून ओळखली जात होती; तिचे रक्त तेव्हाच काढून ठेवले होते आणि 2018 मध्ये त्याच रक्तावरून ती मार्सिया किंग असल्याचे निष्पन्न झाले. ओहायोतच 2002 मध्ये आत्महत्या केलेल्या ‘जोसेफ न्यूटन चँडलर’ या गृहस्थांचे दहन झाले होते. त्यांचा डीएनए मिळाला तो रुग्णालयाने उपचाराच्या वेळी ठेवलेल्या ऊतीच्या तुकड्यातून. ऑस्ट्रेलियात 1 डिसेंबर 1948 रोजी अॅडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर मृत आढळलेल्या माणसाच्या बाबतीत, चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेताना त्यात अडकून राहिलेले केस सात दशकांनंतर उपयोगी पडले.

आता मूळ कामाकडे वळतो. माहितीची फाईल जेडमॅच किंवा फॅमिली ट्री डीएनए यांसारख्या नोंदणीत चढवली की जुळणाऱ्या लोकांची यादी मिळते आणि प्रत्येकापुढे एक आकडा असतो, सेंटीमॉर्गनमध्ये; समान डीएनए किती आहे ते मोजण्याचे हे एकक. पालक आणि मूल यांच्यात तो साधारण 3,400 ते 3,500 असतो, सख्ख्या भावंडांत 2,600 च्या आसपास, चुलत-मामे भावंडांत सरासरी 850 ते 870, पणजोबा समान असलेल्यांत 230 आणि खापरपणजोबा समान असलेल्यांत जेमतेम 70 ते 75. ही सरासरी आहे. प्रत्यक्षात फरक इतका पडतो की खापरपणजोबा समान असलेल्यांपैकी साधारण दहातील एकाशी मोजता येईल असा एकही तुकडा जुळत नाही.

समजा, यादीत सर्वांत वर 84 सेंटीमॉर्गनची एक जुळणी आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की नातलग सापडला, काम झाले. पण 84 या आकड्यात नात्याची अनेक रूपे बसतात: खापरपणजोबा समान असलेले भावंड, पणजोबा समान असलेल्या भावंडाचे मूल, किंवा सावत्र शाखेतून आलेला आणखी जवळचा नातलग. पहिलेच रूप खरे धरले तरी त्या व्यक्तीला खापरपणजोबा-पणजी मिळून सोळा जण असतात, म्हणजे आठ जोडपी, आणि त्यांपैकी एकच जोडपे आपल्या अनोळखी माणसाचेही पूर्वज असते. कोणते, हे आकडा सांगत नाही. मग त्या आठही जोडप्यांपर्यंत वंशावळ वर न्यायची, यादीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या जुळणीचीही न्यायची, आणि दोन-तीन वंशावळींत तेच जोडपे भेटते का ते पाहायचे. ते भेटले की दिशा उलटी होते: त्या जोडप्याच्या सगळ्या मुलांचा, नातवंडांचा, पतवंडांचा माग घेत खाली यायचे. एकोणिसाव्या शतकात आठ-दहा मुले असणे नेहमीचे होते, त्यामुळे दोन पिढ्यांत शंभर नावे सहज होतात. लग्नानंतर स्त्रियांची आडनावे बदलतात आणि अर्धे धागे तिथेच तुटतात. सॉमर्टन प्रकरणातील वंशावळ सुमारे 4,000 लोकांची झाली होती, हे मला मुळीच आश्चर्याचे वाटत नाही.

खरी कलाटणी मिळते ती दुसऱ्या गटातून. ज्यांच्या वंशावळी त्या एका जोडप्यापाशी भेटल्या त्या पहिल्या गटाशी काहीच डीएनए न जुळणारे, पण आपल्या अनोळखी माणसाशी जुळणारे लोक यादीत असतात. ते बहुधा पालकांपैकी दुसऱ्याच्या बाजूचे. त्यांचेही एक समान जोडपे शोधायचे. मग प्रश्न सोपा होतो: या जोडप्याचा वंशज आणि त्या जोडप्याचा वंशज यांचे लग्न कुठे झाले? तशी एक विवाहनोंद सापडली की त्या घरातील प्रत्येक अपत्य संभाव्य ठरते. मग एकेकाचा तपास करायचा. चौघांचे विवाह, घराचे पत्ते, मृत्यूच्या नोंदी मिळतात. पाचव्याचे नाव एका जनगणनेत आणि शाळेच्या छायाचित्राखाली येते आणि पुढे कुठेच येत नाही. वडिलांच्या निधनवार्तेत इतर मुलांच्या नावापुढे जोडीदार आणि गाव छापलेले असते, याच्या नावापुढे काहीच नसते किंवा नावच गाळलेले असते. या कामात मला सर्वांत थबकायला लावणारी जागा हीच, आणि सर्वांत सावध राहण्याचीही, कारण नोंद नसणे म्हणजे मृत्यू नव्हे. माणसे नाव बदलतात, परदेशी जातात, घराशी संबंध तोडतात. वर नोंदीही उशिरा खुल्या होतात: अमेरिकेची जनगणना 72 वर्षे बंद असते, त्यामुळे 1950 ची पाने पाहायला एप्रिल 2022 उजाडावा लागला.

नशीब असले तर हे सगळे टळते. मार्सिया किंगच्या बाबतीत यादीत जवळचा नातलग होता आणि स्वयंसेवकांना नावापर्यंत पोहोचायला काही तासच लागले. ते काम ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ने केले, कॉलीन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस यांनी 2017 मध्ये ती संस्था काढली. पण तो अपवाद आहे. उलट टोकाला असतात ती पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने झालेल्या समाजांतील प्रकरणे. तिथे एकच पूर्वज वंशावळीत चार ठिकाणी येतो, सगळेच सगळ्यांशी जुळतात आणि आकडे नात्याला खऱ्याहून जवळचे दाखवतात.

कागदही खोटे बोलतात. दत्तक मुले आणि नोंदीतील पित्याऐवजी दुसराच जैविक पिता असणे, हे या कामात नित्याचे आहे. इंग्लंडमधील लेस्टर येथे 2012 मध्ये सापडलेला पंधराव्या शतकातील इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा याचे उत्तम उदाहरण ठरावा: केवळ आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातील आजच्या वंशजांशी जुळला, पण पित्याकडून पुत्राकडे जाणारे वाय गुणसूत्र कागदोपत्री पुरुषवंशजांशी जुळले नाही. मधल्या शतकांत कुठेतरी निदान एकदा साखळी तुटली होती. याउलट चँडलर प्रकरणात वाय गुणसूत्रावरूनच ‘निकोलस’सारख्या आडनावाची चाहूल लागली, आणि 2018 मध्ये तो माणूस इंडियानाचा रॉबर्ट आयव्हन निकोल्स असल्याचे जाहीर झाले, चँडलर हे नाव त्याने 1945 मध्ये वारलेल्या एका मुलाचे उचलले होते.

वंशावळीतून निघते ते नाव हा केवळ अंदाज असतो. तो पक्का करायला आई, वडील, भावंड किंवा अपत्य यांचा नमुना, नाहीतर दातांच्या नोंदी लागतात, आणि ओळख जाहीर करण्याचा अधिकार न्यायवैद्यक अधिकाऱ्याचा किंवा पोलिसांचा असतो. फिलाडेल्फियात 1957 मध्ये खोक्यात सापडलेल्या मुलाच्या बाबतीत आधी आईकडची बाजू उलगडली, मग तिच्या अपत्यांच्या जन्मनोंदी तपासल्या, त्यात एका मुलाचा दाखला मिळाला, आणि दाखल्यावरील पित्याची बाजूही डीएनएने पडताळून पाहिल्यावर डिसेंबर 2022 मध्ये जोसेफ ऑगस्टस झरेली हे नाव जाहीर झाले. ही शिस्त मला योग्य वाटते. जुलै 2022 मध्ये प्राध्यापक डेरेक अॅबट आणि फिट्झपॅट्रिक यांनी सॉमर्टनच्या माणसाचे नाव कार्ल वेब असल्याचे सांगितले. त्यांचे काम भक्कम आहे, तरी संशोधकांचा निष्कर्ष आणि अधिकृत ओळख या दोन पायऱ्या वाचकाने वेगळ्याच ठेवाव्यात.

आता नोंदणीबद्दल, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. अँसेस्ट्री आणि 23अँडमी या घरबसल्या डीएनए चाचणी करून देणाऱ्या कंपन्यांकडे कोट्यवधी लोकांची माहिती आहे, पण अशा तपासासाठी ती वापरू दिली जात नाही. उपयोग होतो तो जेडमॅचसारख्या कितीतरी लहान नोंदणीचा. 2018 मध्ये याच नोंदणीच्या मदतीने कॅलिफोर्नियातील ‘गोल्डन स्टेट किलर’ हा अनेक खून केलेला गुन्हेगार पकडला गेल्यावर संमतीचा वाद पेटला, आणि मे 2019 मध्ये जेडमॅचने सर्व सदस्यांना पोलिसी तपासाबाहेर काढून नव्याने संमती मागितली. शोधाचे क्षेत्र एका रात्रीत आकसले, तरी संमती मागणे बरोबरच होते. कुटुंबाची इच्छाही मानावी लागते: वॉशिंग्टन राज्यात 2001 मध्ये ‘लाईल स्टीव्हिक’ या खोट्या नावाने राहून मरण पावलेल्या तरुणाची ओळख 2018 मध्ये पटली, पण घरच्यांच्या विनंतीवरून खरे नाव प्रसिद्ध झालेले नाही.

तेव्हा आपल्या घरातील कोणी बेपत्ता असेल, तर कितीही वर्षे झाली असली तरी आधी पोलिसांत रीतसर तक्रार नोंदलेली आहे का, ते लेखी विचारून घ्या. जुन्या तक्रारी गहाळ झाल्याची किंवा बंद केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नमुना देताना सर्वांत वयस्कर आणि सर्वांत जवळच्या नातलगाला पुढे करा. आई-वडील हयात असतील तर तेच, नाहीतर सख्खी भावंडे किंवा बेपत्ता व्यक्तीची मुले. पुतण्या-भाच्यांचा नमुना उपयोगी असला तरी प्रत्येक पिढीला समान वाटा साधारण निम्मा होतो. पोलिसांकडे दिलेला नमुना आणि वंशावळीच्या नोंदणीत चढवलेली फाईल ही दोन वेगळी कामे आहेत आणि शक्यतो दोन्ही करावीत. नोंदणीत माहिती चढवताना संमतीचा पर्याय स्वतः वाचून निवडा, कारण अनोळखी अवशेषांसाठीचा वापर आणि गुन्ह्याच्या तपासासाठीचा वापर यांचे नियम वेगळे असू शकतात आणि ते बदलतही राहतात. आणि वृद्ध नातलगाचा नमुना घेताच त्यांच्या तोंडून आजी-आजोबांची, त्यांच्या भावंडांची, माहेरच्या आडनावांची नावे लिहून काढा. ती यादी पुढे संशोधकाचे कित्येक आठवडे वाचवते.