तैलरंगांचा मोठा सेट आत्ताच घेऊ नका

ताई,

तुमचा मुलगा सांगलीत बारावी सायन्सला आहे, मोबाइलवर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंची चित्रं बघून तशीच काढत बसतो आणि आता तैलरंगांचा महागडा सेट मागतोय. ‘यात पोट भरेल का?’ ही तुमची काळजी.

आधी सेटचं सांगते. सुरुवातीला पाच ट्यूब पुरतात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एखादा लाल, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर. पांढरी तेवढी मोठी घ्या, सगळ्यात आधी तीच संपते. जवसाचं तेल, टर्पेंटाइन, राठ केसांचे दोन-तीन चपटे ब्रश आणि एक पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची, लावायची बोथट सुरी. कॅनव्हासऐवजी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) लावलेला हार्डबोर्ड चालतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे जास्त तेलाचे, हा क्रम त्याने मोडू नये. नाहीतर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे भेगा पडतात. एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः बघा. तेलाने माखलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा. काम करताना खिडकी उघडी हवी.

या वयात त्याला गायतोंडे आवडतात, याचं मला खरंच कौतुक वाटलं. पण मोबाइलवर त्यांचा नुसता रंग दिसतो. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवायचे, कागदाचे तुकडे दाबून ओला रंग उचलायचे. चित्रातला उजेड त्या खालच्या थरांमधून येतो, आणि तो स्क्रीनवर उतरत नाही. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. झेन बौद्ध विचार, मुंबईचे अध्यात्मगुरू निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांची ओढ होती. पण त्याआधी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ साली डिप्लोमा घेतला होता. सुरुवातीच्या चित्रांत आकृत्या आहेत, युरोपातले चित्रकार पॉल क्ले आणि आपली लघुचित्रं यांचा प्रभाव आहे. तुमचा मुलगा शेवटच्या पायरीची नक्कल करतोय. त्याने आधी समोर तांब्या ठेवून तो रंगवावा, पितळेवरची चमक पाच रंगांत मिळवून दाखवावी.

एखाद्या रविवारी त्याला सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात न्या. तिथे रविवर्म्यांची तैलचित्रं आहेत. कातडी, जरीचं काम, दागिने कसे रंगवलेत ते जवळून पाहू द्या.

पोटापाण्याचं म्हणाल, तर केवळ चित्रं विकून घर चालवणं पहिली काही वर्षं कठीणच असतं. पण चार वर्षांच्या बीएफए या कलेच्या पदवीनंतर कलाशिक्षक, व्यक्तिचित्रांची कामं, सिनेमाचे सेट, ॲनिमेशन, जुन्या चित्रांचं जतन असे रस्ते आहेत. बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे सायन्स वाया गेलं असं समजू नका. त्यासाठीच्या राज्याच्या कला सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र येतं, शिवाय सामान्यज्ञान. तांब्याचा सराव तिथेही कामी येईल. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर अर्जाची तारीख बघत राहा, आणि बारावीचे पेपर संपेपर्यंत त्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी रंगांना मोकळ्या द्या.