ऐकलेलं आधी, मत नंतर

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. वकिलातीतून पाठवायच्या वृत्तांतातून एकच ठाम निष्कर्ष निघाला पाहिजे असं वरिष्ठ म्हणतात, आणि तुझ्या वहीत तर परस्परांशी न जुळणारी दोन विधानं आहेत. त्यातलं कोणतं गाळू, असं विचारतेस. कोणतंही गाळायचं नाही. समोरचा काय बोलला ते आधी लिही. तुला काय वाटतं ते नंतर, वेगळ्या परिच्छेदात.

१९५० चं पेकिंग, म्हणजे आजचं बीजिंग, आठव. अमेरिकेची तिथे वकिलातच उरली नव्हती. चीनचं म्हणणं वॉशिंग्टनला पोहोचायचं ते बरंचसं दिल्ली आणि लंडनमार्फत. आपले राजदूत होते सरदार पणिक्कर. सप्टेंबरात त्यांचं स्वतःचं मत असं होतं की चीन कोरियाच्या युद्धात थेट उतरणार नाही. २५ तारखेला चीनचे जनरल न्ये रोंगचेन यांनी त्यांना सांगितलं की आम्ही हातावर हात ठेवून बसणार नाही. पुढे २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी त्यांना झोपेतून उठवून बोलावून घेतलं. दक्षिण कोरियाच्या फौजा ३८ व्या अक्षांशापलीकडे, म्हणजे उत्तर कोरियात, गेल्या तर त्याचं एवढं काही नाही, पण अमेरिकन गेले तर चीन प्रतिकार करील, हा त्यांचा निरोप. यातला भेद बघ! तुझ्या वरिष्ठांना हवा तसा गोळीबंद सारांश केला असता, तर नेमका हाच भेद उडाला असता.

पणिक्कर चीनकडे झुकलेले, असं म्हणून वॉशिंग्टनने तो निरोप बाजूला सारला. आठवड्याभरात अमेरिकन फौजा पलीकडे गेल्या आणि १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य सरहद्दीवरची यालू नदी ओलांडून कोरियात उतरलं. पणिक्करांचं सप्टेंबरातलं मत खोटं ठरलं, कानांनी ऐकलेलं खरं ठरलं. म्हणून म्हणतो, आधी ऐकलेलं.

तुम्हा तरुणांना मात्र जॉर्ज केनन व्हायचं असतं, मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतला तो मुत्सद्दी. २२ फेब्रुवारी १९४६ ची, मॉस्कोहून वॉशिंग्टनला गेलेली त्याची ती लांबलचक तार तुम्ही तोंडपाठ करता, आणि पहिल्याच नेमणुकीवर जगाचा अर्थ लावायला बसता. अगं, त्या तारेचे पाच भाग आहेत. सोव्हिएत सरकारचा प्रचार जगाबद्दल काय सांगतो, एवढंच पहिल्या भागात आहे. त्यामागची कारणं दुसऱ्या भागापासून सुरू होतात. मतांसाठी गाजलेल्या माणसानेसुद्धा आधी समोरच्याचं म्हणणं वेगळं काढून ठेवलं, हे कुणी तुम्हाला शिकवत कसं नाही?

याची किंमत पडते, ते लपवत नाही. १९४४ मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या येनान या तळावरून त्यांची ताकद जशी दिसली तशी कळवणारे अमेरिकन मुत्सद्दी जॉन सर्व्हिस १९५१ मध्ये नोकरीतून काढले गेले. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत आणलं, पण मधली वर्षं गेलीच. माझ्याही एका टिपणातलं एक वाक्य वरिष्ठांनी कापलं होतं. मी मूळ प्रत फाइलला जोडून ठेवली, ती काढायला नकार दिला आणि बढती मागे पडली. घरच्यांना त्याचं दुःख झालं, मलाही झालं. तरी मी हट्टी होतो असं कुणी म्हटलं की आजही राग येतो. ते वाक्य माझं नव्हतंच, समोरच्याचं होतं. दुसऱ्याचं वाक्य खोडायचा हक्क मला कुणी दिला होता? आणि त्यांना तरी कुणी?

तर तुझी ती दोन विधानं. दोन्हीच्या पुढे तारीख, वेळ, खोलीत कोण कोण होतं आणि दुभाषी कुणाचा होता, हे नोंदलंयस का? पत्रात तसं दिसलं नाही. राहिलं असेल तर आज झोपण्याआधी वहीत लिही. मगच वरिष्ठांसमोर जा.

तुझा,
काका