आजोबा गेल्यावर त्यांच्याबद्दल तुम्हाला नव्याने काय कळलं?

प्रश्न वाचला आणि लिहायलाच बसलो. आमचे आबा २०२१ च्या डिसेंबरात गेले. तेव्हा एसटीचा संप चालू होता. ज्या माणसाने पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्याच्या रक्षाविसर्जनाला पाहुणे खाजगी वडापच्या जीपमधून आले. आबांना हे मुळीच आवडलं नसतं. वडापवाल्यांचं आणि त्यांचं आयुष्यभर वाकडं.

गावात बॅनर लागला, त्यावर 'देवमाणूस' छापलं होतं. खरं सांगायचं तर घरात आबा देवमाणूस वगैरे नव्हते. चौदा माणसांचं एकत्र कुटुंब आणि सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला. काकू बाजारातून आली की पिशवीआधी हिशोब मागायचे. आत्याला नर्सिंगला जायचं होतं, नाही जाऊ दिलं. ती ते अजून विसरलेली नाही. आंब्याची पेटी फुटली की फोडींची मोजदाद व्हायची, आणि रडणाऱ्या पोराला जास्तीची फोड मिळाली असं कधी झालं नाही.

पण गोष्टी सांगायला बसले की वेगळेच असायचे. त्यांचा पत्र्याचा तिकिटांचा ट्रे माळ्यावर होता. प्रत्येक किमतीच्या तिकिटाचा रंग निराळा. एक रुपया पंधरा पैसे भाडं असेल तर एक रुपयाचं, दहाचं आणि पाचचं अशी तीन तिकिटं फाडायची, पंचने टोचायची आणि हातात द्यायची. गाडीत उभी माणसं असताना, घाटात, एका हाताने दांडी धरून. पुढे कंडक्टरांच्या हातात मशिनं आली तेव्हा म्हणाले, "आता काय, बटणं दाबायची. डोस्कं कुठं लागतंय?"

सगळ्यांची लाडकी गोष्ट भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७. आबांना नोकरीला लागून चारच वर्षं झालेली, ड्युटी पाटण डेपोची. कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावी त्यांची गाडी मुक्कामी होती. एरवी ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे. त्या रात्री देवळात भजन रंगलं होतं, म्हणून दोघे गाडीतच आडवे झाले. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर, आबा पुढे. पहाटे सव्वाचारच्या पुढे गाडी गदागदा हलायला लागली. झोपेत आबांना वाटलं, ड्रायव्हरने गाडी काढली. त्यांनी डोळे न उघडता दोरी ओढून डबल बेल दिली.

इथे आम्ही पोरं दरवेळी हसून लोळायचो. आबाही हसायचे, आणि पुढचं दोन वाक्यांत उरकायचे. दगड-मातीची घरं बसली होती. दिसतील ती जखमी माणसं गाडीत घातली आणि दरडीतून वाट काढत कराड गाठलं. संपली गोष्ट. मग सांगायचे की कोयनेची वीज बंद पडल्यामुळे मुंबईसुद्धा अंधारात गेली होती. हे सांगताना त्यांना उगाच अभिमान वाटायचा, जणू मुंबईचं बटण त्यांच्याच खोऱ्यात होतं. त्या फेरीच्या वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, प्रवासी शून्य आहेत हेही सांगायचे. गाडी गच्च आणि वेबिल कोरं.

१९९८ ला रिटायर झाले. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी स्वच्छ टोपी घालून पाटण स्टँडवर जायचे आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहायचे. खिशात तंबाखूची रिकामी डबी, तिच्यात सुटे पैसे. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला एसटी सुटत नाही. लहानपणी त्या डबीतले आठाणे मी एकदा गोळ्यांसाठी घेतले होते, तेव्हा पाठीत असा धपाटा बसला की अजून आठवतो. "ते आपलं न्हाई," एवढंच म्हणाले. मला वाटलं, कंजूषपणा.

दहाव्यानंतर ट्रंक उघडली. पासबुकं, फंडाचे कागद, आणि रबरात बांधलेल्या सहा खिसेडायऱ्या. आत पेन्सिलने असलं काहीबाही:

"मोरगिरी, टोपीवाले, ३५ पैसे."
"ढेबेवाडी, दोन पोरं घेतलेली बाई, १ रु. १०."
"हेळवाक, मास्तर, ८० पैसे."

बहुतेक ओळींवर काट मारलेली. आमच्या तात्यांना पटकन उमगलं. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि उतरताना घ्या म्हणतो. गर्दीत माणूस विसरतो, उतरून जातो. कॅश भरताना जे जास्त निघेल ते डेपोत जमा करायचं, कमी पडेल ते पदरचं घालायचं. आबा ते जास्तीचे पैसे नियमाने जमा करायचे, आणि पुढे तो माणूस बाजारात दिसला की त्याची बाकी स्वतःच्या पगारातून द्यायचे. ड्युटीवर खाजगी पैसे किती जवळ आहेत ते आधी नोंदवावं लागायचं, म्हणून हा व्यवहार सुट्टीच्या दिवशी. बाकावर बसून ते हेच करत होते. डेपो, एसटी, जुने सोबती, कशासाठी म्हणून नव्हे. माणसं शोधत होते.

आज्जीला सगळं ठाऊक होतं. "घरात मिठाला पैसं नसायचं आन् ह्ये गावाला वाटत फिरायचं," म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक बिलकुल नव्हतं. तिचंही बरोबरच आहे.

२०११ ला चाराणे चलनातून गेले. त्यानंतरच्या डायरीत आबांनी उरलेल्या नोंदी निळ्या पेनने पुन्हा उतरवल्यात, प्रत्येक रक्कम वरच्या रुपयाला नेऊन. ३५ पैशाचा रुपया, १ रु. १० चे दोन. यातली निम्मी माणसं तोवर वारली असणार. अकरा नोंदींवर काट पडलीच नाही.

त्यातली पहिली नोंद सहाही डायऱ्यांत आहे. डायरी भरली की नवीन डायरीच्या पहिल्या पानावर तीच आधी लिहिलेली: "भूकंप. म्हातारा. ५० पैसे घेतले. तिकीट दिलं नाही." शेवटच्या डायरीत ५० पैशांच्या जागी १ रु.

तात्यांनी आज्जीला विचारलं, हा कोण? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, त्या फेरीत एका म्हाताऱ्याने फुकट यायचं नाही म्हणून ह्यांच्या मुठीत आठाणे कोंबले. तिकीट फाडायला ह्यांच्याकडे हात कुठं मोकळा होता, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर होतं. कराडच्या अलीकडेच गेला तो.

डबल बेलची गोष्ट आबांनी आम्हाला शंभरदा सांगितली असेल. ही एकदाही नाही.