अमेरिकेत पहिली कॉइन लाँड्री घेताय? आधी पाण्याची बिलं मागा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: बहिणीने भरलेल्या अर्जावर तुम्हा दोघांचं ग्रीन कार्ड आता होण्यात आहे. उत्तर न्यू जर्सीत २४ वॉशरची एक चालू कॉइन लाँड्री, म्हणजे गिऱ्हाइकांनी नाणी टाकून कपडे धुण्याचं दुकान, ३,२०,००० डॉलरला विकायला आहे. मालक वर्षाचा गल्ला ३,००,००० आणि खर्च जाऊन उरणारे ८०,००० सांगतो. घ्यावी का?

मागितलेला भाव वरवर पाहता वावगा नाही. चालती लाँड्री साधारणपणे वार्षिक निव्वळ उत्पन्नाच्या तीन ते पाच पटीत विकली जाते, इथे चारपट मागितलीय. पण हे ८०,००० खरे आहेत की नाहीत, यावर सगळं अवलंबून आहे. रोखीच्या धंद्यात मालकाची वही हा पुरावा नसतो. पुरावा असतो पाण्याच्या मीटरमध्ये, कारण पाणी घेतल्याशिवाय एकही वॉशर चालत नाही.

मागची २४ महिन्यांची बिलं मागा, तीही पाणी कंपनीच्या खात्यातून थेट काढलेली. मालकाने छापून दिलेली नकोत. बिलावर वापर बहुतेकदा शंभर घनफुटांच्या युनिटमध्ये असतो. असं एक युनिट म्हणजे ७४८ गॅलन. समजा वर्षाला १,४०० युनिट निघाले. म्हणजे सुमारे १०,४७,००० गॅलन. संडास, बेसिन, फरशी यांचे ५ टक्के वजा केले की साधारण ९,९५,००० उरतात. आता प्रत्येक मॉडेल एका धुण्याला किती पाणी घेतं ते उत्पादकाच्या माहितीपत्रकातून काढा आणि दुकानातल्या मशीनच्या संख्येनुसार सरासरी लावा. जुनी टॉपलोडर बरंच जास्त पाणी खातात, नवी, एका वेळी २० पौंड कपडे घेणारी फ्रंटलोडर खूपच कमी. सरासरी २५ गॅलन आली असं धरू. मग वर्षाला सुमारे ३९,८०० धुणी झाली. एका धुण्याचे सरासरी ४ डॉलर धरले, तर वॉशरचे १,५९,००० होतात. ड्रायरचं उत्पन्न त्याच्या निम्मं धरलं, तर आणखी ८०,०००. एकूण २,३९,०००.

मालक सांगतोय ३,००,०००. फरक ६१,००० डॉलरचा. हा फरक गल्ल्यातला पाचवा हिस्सा वाटतो, पण तो सगळाच्या सगळा नफ्यातून जातो. भाडं, गॅस, वीज, पाणी, विमा हे खर्च बिलांप्रमाणे खरेच असतात, ते काही कमी होत नाहीत. म्हणजे ८०,००० चे राहिले १९,०००, आणि चारपटीने दुकानाची किंमत ७६,०००. माझे आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशोब याच रीतीने करा. पडताळणीचा एक सोपा मार्गही यात आहे: ३९,८०० धुणी म्हणजे २४ वॉशरवर दर मशीनमागे दिवसाला साडेचार फेऱ्या. चांगल्या चालणाऱ्या दुकानात तीन ते पाच फेऱ्या होतात. मालकाच्या आकड्याला पावणेसहा लागतील. तेवढ्या रोज, वर्षभर, कशा होतात ते त्यालाच विचारा.

पाण्याचा आकडाही फुगवता येतो, हे ध्यानात ठेवा. नळ उघडा ठेवला किंवा संडास गळत असला तरी वापर वाढतो. म्हणून दुकान बंद झाल्यावर मीटरचा आकडा टिपा आणि सकाळी उघडण्याआधी पुन्हा बघा. काटा हलला असेल तर कुठेतरी पाणी वाया जातंय. दुसरी खूण गॅसची: धुणी खरोखर वाढली तर गरम पाणी आणि ड्रायर दोन्हीचा गॅस त्याच प्रमाणात वाढतो. पाणी वाढलेलं आणि गॅस जागच्या जागी, असं दिसलं की सौदा थांबवून कारण शोधा.

बोलणी पक्की होत आली की निदान तीन-चार आठवडे मालकासोबत गल्ला काढायला उभे राहा. नाणी वजनाने मोजा: एक क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) ५.६७ ग्रॅमचं, म्हणजे १०० डॉलरची ४०० नाणी सुमारे २.२७ किलो भरतात. प्रत्येक वेळी मशीनवार आकडा लिहा आणि त्याच दिवशी पाण्याचं मीटर वाचा. काही विक्रेते आपलीच नाणी मशीनमध्ये टाकून गल्ला फुगवतात, आणि मशीन प्रत्यक्ष न चालवता टाकलेली नाणी मीटरवर दिसत नाहीत. कार्डाने पैसे घेणारी यंत्रणा असेल तर तिचे अहवाल सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून थेट घ्या.

टॅक्स रिटर्नमध्ये गल्ला कमी आणि तोंडी जास्त, हेही ऐकायला मिळेल: ‘बाकीचं कॅश आहे.’ न दाखवलेल्या उत्पन्नाचे पैसे देऊ नका. ज्या उत्पन्नावर त्याने कर भरला नाही, त्याची चारपट तुम्ही का मोजायची? शिवाय ८०,००० काढताना मालक नवरा-बायको स्वतः दुकानात राबतात त्याची मजुरी खर्चात धरलेली आहे का, तेही बघा. सहसा धरलेली नसते. तुमच्या जागी माणूस ठेवला तर त्याचा पगार किती, तो वजा करून मगच पट लावा.

आता लीज, म्हणजे भाडेकरार. माझ्या मते मशीनपेक्षा हाच मोठा ऐवज आहे. वॉशर काँक्रीटच्या बैठकीत बोल्टने बसवलेले, नळ, निचरा आणि गॅसच्या लाइन त्या जागेसाठी घातलेल्या. जागा गेली तर हातात भंगार उरतं. मुदत वाढवण्याचे पर्याय धरून निदान दहा वर्षं शिल्लक हवीत, आणि ते पर्याय तुमच्या नावावर येतील असं लेखी हवं. इमारत पाडण्याचं किंवा तुम्हाला दुसऱ्या गाळ्यात हलवण्याचं कलम असेल तर ते काढून घ्या, नाहीतर सौदा सोडा. ट्रिपल नेट भाडं असेल तर मूळ भाड्यावर मालमत्ता कर, विमा आणि सामाईक देखभाल वेगळी येते. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती आली ते मागा. सगळं मिळून गल्ल्याच्या चौथ्या हिश्शावर जात असेल तर धंद्याला दम लागतो. त्याच जागेत कधी ड्रायक्लीनिंग होतं का, हेही नक्की विचारा. ड्रायक्लीनिंगचं पर्क नावाचं द्रावण जमिनीत मुरलेलं असलं तर सफाईचा खर्च दुकानाच्या किमतीहून मोठा होऊ शकतो. तसा संशय असेल तर फेज वन पर्यावरण तपासणी (जागेच्या जुन्या वापराची आणि प्रदूषणाच्या शक्यतेची पाहणी) करून घ्या.

मशीन बघताना रंगरंगोटीकडे लक्ष देऊ नका. पाटीवरचा सिरीयल नंबर घेऊन बनावटीचं वर्ष शोधा. टॉपलोडर पाच-आठ वर्षांत थकतात, चांगला फ्रंटलोडर दहा-पंधरा वर्षं जातो, ड्रायर त्याहूनही जास्त. फ्रंटलोडरचं दार उघडा, ड्रमची खालची कड धरून वर उचला. कड खुळखुळली, किंवा ड्रम हाताने फिरवताना घरघर आली, तर बेअरिंग गेलंय. मागच्या बाजूला गंजाचा तांबूस ओघळ असेल तर सील आधीच गेलेलं आहे आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोचलंय. मोठ्या मशीनचं हे काम खर्चिक असतं, कारण मशीन बरंच उघडावं लागतं. ड्रायरच्या मागच्या बोळात शिरून टॉर्चने बघा: कपड्यांचा भुसा डक्टमध्ये आणि जमिनीवर साचलेला असेल तर आगीचा धोका आहेच, शिवाय हवा कमी मिळाल्याने कपडे उशिरा वाळतात आणि गॅस जास्त जळतो. रविवारी दुपारी गर्दीत जाऊन शेवटच्या वॉशरला पाणी पुरेसं गरम येतंय का तपासा. सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालून बघायला सांगा.

पैशांचं थोडक्यात. नव्याने आलेल्या माणसाची अमेरिकेत क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे बँकेच्या कर्जावर भिस्त ठेवू नका. २०-३० टक्के रक्कम विक्रेत्याला नंतर हप्त्यांनी द्यायची ठेवा, आणि त्याने दिलेली माहिती खोटी निघाली तर तुमचं नुकसान त्यातून कापण्याचा हक्क लिहून घ्या. भारतातून निघण्याआधी एलआरएस, म्हणजे निवासी भारतीयांनी परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांच्या वर सध्या २० टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो, तो आयकरात वळता होतो. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातल्या पैशांचं खातं) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, आयकराचे ठरलेले फॉर्म भरून. कोणत्या वर्षात किती पाठवायचे ते सीएबरोबर आधी ठरवा.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही, त्यांच्यासाठी एक सूचना: ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर मालकी ठेवता येईल, पण स्वतः गल्ला काढणं किंवा मशीन दुरुस्त करणं चालत नाही. ईबी-५ या गुंतवणुकीवरच्या ग्रीन कार्डाला किमान ८,००,००० डॉलर आणि दहा पूर्णवेळ नोकऱ्या लागतात. एका लाँड्रीत तेवढी माणसं सहसा नसतात.

खरेदी दुकानाच्या मालमत्तेची (मशीन, लीज) करा, विक्रेत्याच्या कंपनीची नको, म्हणजे तिची जुनी देणी सहसा तुमच्या गळ्यात येणार नाहीत. तरीही न्यू जर्सीत एक पाऊल चुकवू नका: सौदा पूर्ण होण्याआधी निदान दहा कामाचे दिवस सी-९६०० हा बल्क सेलचा (धंद्याची मालमत्ता एकगठ्ठा विकल्याच्या सूचनेचा) फॉर्म राज्याच्या करखात्याकडे गेला पाहिजे. तो न भरल्यास विक्रेत्याचा थकलेला राज्य कर तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. मशीनवर कुणाचा बोजा आहे का, ते बघायला वकिलाकडून यूसीसी शोध, म्हणजे तारणाच्या सरकारी नोंदींचा शोध, करून घ्या. विक्रेता जवळच दुसरं दुकान उघडणार नाही, हे मैल आणि वर्षं घालून लिहून घ्या. आणि ताबा मिळेल त्याच दिवशी दारांची आणि प्रत्येक नाणेपेटीची कुलपं बदलण्यासाठी कुलूपवाला आधीच ठरवून ठेवा. जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, हे विक्रेत्यालाही सहसा सांगता येत नाही.