कोच पत्रकारांना टाळत असतील तर मुलाखतीच्या मागे लागण्याआधी त्यांचा करार मागवा

‘सलग नऊ सामने हरल्यानंतर कोचनी आठवड्याची पत्रकार परिषद बंद केली, सामन्यानंतर ते दोनच प्रश्न घेतात, आणि आमच्या विद्यार्थी वृत्तपत्राचा सूर नकारात्मक असल्याचे सांगून क्रीडा विभागाच्या माध्यम कार्यालयाने मला मुलाखत नाकारली; मी माफीचा ईमेल पाठवावा का?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि पंधरा वर्षांपूर्वीचा माझा हिवाळा डोळ्यांसमोर उभा राहिला. तुमच्यासारखीच मीही महाराष्ट्रातून अमेरिकेत पत्रकारिता शिकायला आले होते, तुमच्यासारख्याच एका सरकारी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे वार्तांकन मी दोन हंगाम केले, आणि ज्या वळणावर आज तुम्ही उभ्या आहात तिथे मी चुकीच्या बाजूला वळले. माफीचा ईमेल पाठवू नका. वृत्तात एखादा आकडा किंवा उद्गार चुकला असेल तर दुरुस्ती छापा, पण सुराबद्दल माफी मागितलीत तर पुढचा प्रत्येक मजकूर त्या माफीच्या मापाने मोजला जाईल.

मी वकील नाही, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्यामुळे पुढचे सारे माझ्या अनुभवाच्या मर्यादेत वाचावे. सामन्याचे वृत्त कसे लिहावे, आकडेवारी कुठे मिळते, पत्रकार कक्षात कसे वागावे, हे तुम्हाला येतेच असे धरून मी थेट मुद्द्यावर येते.

माझ्या दुसऱ्या हंगामात संघ जानेवारीतच कोसळला. कोच सज्जन होते, पण हरल्यावर त्यांच्याशी बोलणे कठीण होई, आणि फेब्रुवारीपर्यंत ते जवळजवळ दिसेनासे झाले. त्याच सुमारास एका सहाय्यकाच्या बोलण्यातून माझ्या कानावर आले की, आदल्या उन्हाळ्यात कोणताही गाजावाजा न करता कोचचा करार वाढवण्यात आला होता. मी माहितीच्या अर्जाचा मसुदा तयार केला आणि शिष्टाचार म्हणून आधी माध्यम कार्यालयाला कळवले. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि अतिशय आपुलकीने सांगितले की, हंगाम चालू असताना कराराचा विषय काढल्यास खेळाडूंवर दडपण येईल. मी थोडे थांबले तर शेवटच्या सामन्यानंतर कोचची तासभराची मुलाखत फक्त मलाच मिळेल. मी थांबले. अर्ज पाठवला नाही. त्या शब्दाची एक ओळही मी लिहून घेतली नाही, कारण वडीलधाऱ्या माणसाने दिलेला शब्द कागदावर मागणे मला उद्धटपणाचे वाटले.

शेवटच्या सामन्यानंतर तीन दिवसांनी विद्यापीठाने चार परिच्छेदांचे पत्रक काढून कोचना पदमुक्त केले. मुलाखत झाली नाही, आणि कार्यालयाने माझ्या ईमेलांना उत्तर देणे बंद केले. पुढच्याच आठवड्यात शहरातल्या दैनिकाने तो वाढीव करार छापला. संघ आधीच घसरत असताना झालेल्या त्या वाढीमुळे, मुदतीआधी काढल्यास कोचना द्यायची रक्कम जवळजवळ दुप्पट झाली होती. तो कागद आठ महिने विद्यापीठाच्या कपाटात होता, कोणीही मागितला असता तर मिळाला असता, आणि त्याचे अस्तित्व ठाऊक असलेली एकमेव वार्ताहर मी होते. मुलाखत हुकल्याचे दुःख मला नव्हते. माझ्या वाचकांना, म्हणजे त्या विद्यापीठाची फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांना, जे फेब्रुवारीत कळायला हवे होते ते निर्णय होऊन गेल्यावर कळले, याचे दुःख आजही आहे.

आता कायद्याची बाजू, कारण इथेच आपला गोंधळ होतो. सरकारी संस्थेचा माणूस आहे म्हणून तो आपल्याशी बोलायला बांधील आहे, असे नाही. मेरीलँडच्या गव्हर्नरांनी ‘बाल्टिमोर सन’च्या दोघांशी बोलू नये असा आदेश आपल्या कर्मचाऱ्यांना दिला होता, ते प्रकरण न्यायालयात गेले आणि 2006 मध्ये चौथ्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या गटासाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने वृत्तपत्राच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे खास मुलाखत नाकारली म्हणून भांडण्यात फारसे हशील नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या पत्रकार परिषदेतून केवळ मजकूर आवडला नाही म्हणून तुम्हाला एकट्यांना वगळणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तशी वेळ आली तर स्टुडंट प्रेस लॉ सेंटरला लगेच विचारा. ही संस्था 1974 पासून विद्यार्थी पत्रकारांना विनामूल्य कायदेशीर सल्ला देते. ती मला वेळेवर ठाऊक नव्हती. 2011 मध्ये ‘केंटकी कर्नल’ या विद्यार्थी वृत्तपत्राच्या वार्ताहराने संघात नव्याने आलेल्या दोन विद्यार्थ्यांना माध्यम कार्यालयाला न विचारता फोन केला, म्हणून केंटकी विद्यापीठाने खेळाडूंच्या मुलाखतींच्या एका कार्यक्रमाचे त्याचे निमंत्रण काढून घेतले होते. वृत्तपत्राने ती गोष्ट जाहीर केली आणि पत्रकार संघटनांनी उघडपणे विद्यापीठाला दोष दिला. त्यांनी माफी मागितली नाही, हे लक्षात घ्या.

मुलाखतीवर हक्क नसला तरी कागदावर आहे. आपण माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आणि दहा रुपयांचा अर्ज पाहत मोठे झालो, त्यामुळे इथेही देशभर एकच कायदा असेल असे वाटते. अमेरिकेचा 1966 चा संघीय कायदा फक्त संघीय कार्यालयांना लागू होतो; राज्य विद्यापीठांसाठी त्या त्या राज्याचा कायदा असतो. इलिनॉयमध्ये पाच कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे लागते, तर ओहायोचा कायदा ‘वाजवी मुदत’ एवढेच म्हणतो. तुम्हाला परदेशी विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते: व्हर्जिनिया आणि टेनेसीसारखी काही राज्ये हा हक्क आपल्याच नागरिकांना देतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये व्हर्जिनियाच्या प्रकरणात तसे करण्यास मोकळीक दिली आहे. तुमचे राज्य तसे असेल तर अर्जावर तिथल्या रहिवासी संपादकांची सही घ्या. अर्ज माध्यम कार्यालयाकडे पाठवू नका. विद्यापीठाच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवा आणि नेमके कागद मागा: मुख्य प्रशिक्षकांचा सध्याचा करार, त्यातील प्रत्येक दुरुस्ती, आणि नेमणुकीच्या अटींचे पत्र. ‘कोचसंबंधी सर्व पत्रव्यवहार’ असे मागितलेत तर महिने जातील आणि शुल्काचा मोठा आकडा हातात येईल. विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेचा 1974 चा कायदा पुढे करून नकार आला तर नम्रपणे लिहा की कोच हे विद्यार्थी नसून कर्मचारी आहेत. क्रीडा विभाग स्वतंत्र संस्था म्हणून नोंदलेला असेल तर थोडी अधिक चिकाटी लागेल.

करार हातात आला की तीन ठिकाणी थांबून वाचा. पहिले म्हणजे पगाराची फोड. अनेक कोचच्या करारांत मूळ पगार लहान असतो आणि मोठा हिस्सा रेडिओ व टीव्हीवरचे कार्यक्रम आणि जाहीर उपस्थिती यांसाठी असतो. तुमचे कोच पत्रकार परिषद टाळूनही विद्यापीठाच्या साप्ताहिक रेडिओ कार्यक्रमात येत असतील, तर लोकांशी बोलण्याचे पैसे घेणारा माणूस फक्त पगारी निवेदकाच्याच प्रश्नांना उत्तरे देतो आहे, ही वस्तुस्थिती वाचकांसमोर ठेवण्याजोगी आहे. दुसरे म्हणजे मुदतीआधी काढल्यास द्यायची रक्कम, म्हणजेच बायआउट: ती कोणत्या तारखेला उतरते, कोचना नवी नोकरी मिळाली तर कमी होते की नाही, आणि ती देणार कोण. इंडियाना विद्यापीठाने मार्च 2021 मध्ये आपले बास्केटबॉल कोच आर्ची मिलर यांना काढले तेव्हा ही रक्कम सुमारे 1 कोटी 3 लाख डॉलर होती आणि ती खासगी देणग्यांतून दिली जाईल असे विद्यापीठाने सांगितले. असे उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: देणगीदार कोच काढण्याचे पैसे देत असतील, तर पुढचा कोच निवडताना त्यांचा शब्द किती चालतो? तिसरे म्हणजे दुरुस्त्यांच्या तारखा आणि त्यांखालच्या सह्या. माझी सगळी कथा त्या एका तारखेत होती.

केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे उदाहरण तुम्हाला आठवत असेल. मार्च 2024 मध्ये एनसीएए या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ओकलंड विद्यापीठाने त्यांना 80-76 असे हरवले, आणि कोच जॉन कॅलिपारी यांना काढायचे तर विद्यापीठाला सुमारे 3 कोटी 30 लाख डॉलर मोजावे लागतील हे त्या रात्री गावातल्या सामान्य प्रेक्षकालाही ठाऊक होते, कारण 2019 चा तो दीर्घ करार सार्वजनिक होता. त्यामुळे चर्चा फक्त कोचच्या डावपेचांवर थांबली नाही. असा करार केला कोणी, इथपर्यंत ती गेली. (पुढे कॅलिपारी स्वतःच आर्कान्सास विद्यापीठाच्या संघाकडे गेले.)

यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, हरणाऱ्या कोचला रोज पकडून ‘का हरलात’ विचारण्यापेक्षा त्यांना नेमणाऱ्या आणि त्यांचा करार वाढवणाऱ्या ॲथलेटिक डायरेक्टरना, म्हणजे क्रीडा विभागाच्या प्रमुखांना, महिन्यातून एकदा नेमका प्रश्न विचारणे अधिक मोलाचे आहे. लुइव्हिल विद्यापीठ 2022-23 मध्ये 4-28 (चार विजय, अठ्ठावीस पराभव) आणि पुढच्या वर्षी 8-24 असे खेळले, तेव्हा त्यांचे कोच केनी पेन रात्रीमागून रात्री पत्रकारांसमोर बसत होते. त्यांच्यावर टीका व्हायलाच हवी होती, आणि ती झाली. पण कोच हा सर्वांत जास्त दिसणारा माणूस असतो म्हणून साऱ्या उत्तरांचे ओझे त्याच्यावर टाकले, तर निर्णय घेणारे सावलीत राहतात. याला दुसरी बाजू आहे आणि ती मी नाकारत नाही: कोच सरकारी विद्यापीठाचे सर्वाधिक पगार घेणारे कर्मचारी असू शकतात, आणि जिंकताना कॅमेऱ्यासमोर येणाऱ्याने हरतानाही यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

कोच टाळत असताना कार्यालय खेळाडूंना पुढे पाठवते, त्याबद्दल मला अजूनही संताप येतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने सलग नवव्या पराभवानंतर टेबलाशी बसून प्रशिक्षकाच्या निर्णयांची उत्तरे द्यावीत, आणि ज्याने निर्णय घेतले त्याने मागच्या दाराने निघून जावे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. आता नावाच्या वापराचे आणि महसुलातल्या वाट्याचे पैसे खेळाडूंना मिळतात म्हणून तेही जबाबदार आहेत, असा युक्तिवाद ऐकू येतो. स्वतःच्या खेळाबद्दल त्यांना जरूर विचारावे. कोचबद्दल मात्र त्यांच्याकडून वाक्य काढून घेऊ नका. त्या वाक्याची किंमत त्यांना खेळण्याच्या मिनिटांत मोजावी लागू शकते, आणि आपल्याला मिळतो तो फक्त एक मथळा.

मिळणाऱ्या त्या दोन प्रश्नांबद्दल थोडेसे. सामन्याआधी इतर वार्ताहरांशी बोला आणि एकाच्या प्रश्नाला कोचनी बगल दिली तर दुसऱ्याने तोच प्रश्न पुढे न्यायचा असे ठरवा. ‘बचावाबद्दल काही सांगा’ अशा विधानवजा प्रश्नाने उत्तर देणाऱ्याला मोकळे रान मिळते; त्याऐवजी ‘शेवटच्या चार मिनिटांत झोन बचाव (खेळाडूऐवजी जागा राखणे) का सोडलात?’ असे विचारा. आपल्याकडे प्रशिक्षक म्हणजे ‘सर’, आणि सरांना उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे आपल्या अंगात भिनलेले असते. नागपूरला शाळेच्या संघात खेळताना मी आमच्या सरांना कधी ‘का’ विचारले नव्हते, आणि इथे पहिले वर्षभर माझे प्रश्न क्षमायाचनेने सुरू होत असत. आदर आवाजात असू द्या, प्रश्नाची धार मात्र तशीच ठेवा.

तुमचे विद्यापीठ सरकारी आहे म्हणून हे सारे चालेल. खासगी विद्यापीठात करार असा मिळत नाही. जॉर्जटाउन विद्यापीठ 2021-22 मध्ये बिग ईस्ट या आपल्या साखळीत 0-19, म्हणजे सर्वच्या सर्व सामने, हरले तेव्हा कोच पॅट्रिक यूइंग यांच्या कराराचा कागद मागण्याचा हक्क कोणालाच नव्हता. तिथे नफाविरहित संस्थांच्या ‘990’ या वार्षिक करविवरणात सर्वाधिक पगाराच्या यादीत कोचचे नाव सापडते, पण ते बरेच उशिरा. संघाचा एकूण खर्च मात्र खासगी विद्यापीठांनाही दरवर्षी संघीय शिक्षण विभागाला कळवावा लागतो, आणि तो संकेतस्थळावर खुला असतो.

एक बाजूची सूचना, कारण तुम्ही बाहेरच्या दैनिकासाठी मानधनावर लिहिण्याचा विचार असल्याचे शेवटी ओझरते लिहिले आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असताना विद्यापीठाबाहेरचे मानधन परवानगीशिवाय घेऊ नका, आणि तुमचे विद्यार्थी वृत्तपत्र स्वतंत्र संस्था असेल तर तिथले वेतनसुद्धा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारूनच घ्या. नाराज झालेल्या कार्यालयाच्या हाती असे काही सापडू नये.

अर्ज याच आठवड्यात पाठवा आणि तो पाठवल्याचे माध्यम कार्यालयाला आधी कळवू नका. त्यांनी ‘हंगाम संपेपर्यंत थांबा’ असे तोंडी सांगितले, तर त्याच दिवशी ईमेल लिहा: ‘आज आपण असे म्हणालात, मी थांबणार नाही, मुलाखतीची विनंती मात्र कायम आहे.’ मसुदा इथे टाकलात तर शब्दरचना मी रात्री पाहून देते. राज्याचे नाव मात्र लिहा, त्यावाचून मुदत सांगता येणार नाही.