सासूबाईंच्या स्मरण-उपासनेत काय बोलू?

तुमच्या सासूबाई प्रभूच्या घरी गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. रविवारी मंडळीसमोर पाच मिनिटं बोलायचंय आणि 'प्रेमळ, प्रार्थनाशील, सगळ्यांची आई' यापुढे काही सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही विशेषणं खरीच असणार. पण ती कुणाच्याही आजीला लागू पडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणाचाच चेहरा येत नाही. त्या काय काय करायच्या ते सांगा. कशा होत्या ते लोकांना आपोआप कळेल.

पवित्र शास्त्रातच याचा दाखला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 9व्या अध्यायात यापो गावची टबीथा मरण पावते. येशूचा शिष्य पेत्र माडीवर येतो तेव्हा तिथल्या विधवा रडत असतात, आणि टबीथाने केलेले अंगरखे नि कपडे त्याला दाखवत असतात. गेलेल्या बाईबद्दल याहून चांगलं कुणी काही बोललेलं मला माहीत नाही.

माझी आजी नगरची, लग्न होऊन इंदूरला आली. इथे कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम 1877 पासूनचं, दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेजही निघालं. आमच्या चर्चची उपासना हिंदीत. नारायण वामन टिळकांची भजनं ऐकत वाढलेल्या मुलीला ते सुरुवातीला परकं वाटलं असणार. तिने हिंदी गीतं पाठ केली, आणि टिळक घरच्या रात्रीच्या प्रार्थनेसाठी ठेवले. ती प्रार्थना झाल्याशिवाय आमच्याकडे पानं वाढली जात नसत, पाहुणा कुणीही असो.

पण तिची आठवण काढताना मला आधी दिसते ती प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये पाव नि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशीची संध्याकाळ. काळ्या मनुका सकाळीच भिजत घातलेल्या असायच्या. त्या उकळून, हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळताना बोटं जांभळी व्हायची. मग पावाच्या कडा काढून सारखे चौकोनी तुकडे. कडा आम्हा पोरांना. चिमुकले पेले कढत पाण्यात धुऊन एकेक दिव्याकडे धरून बघायची, जरा डाग दिसला की परत पाण्यात. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब तेच पेले उचलायचे तेव्हा ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेली असायची. हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, आणि मंडळीच्या वार्षिक अहवालात त्याची ओळसुद्धा नसायची. तुमच्या सासूबाईंचंही असं एखादं काम असेलच. ते शोधा आणि त्यावर निवांत बोला, पाचातली दोन मिनिटं त्याला द्या.

दुसरं, घराबाहेरच्यांना विचारा. महिला मंडळातल्या बाया, चर्चचा चौकीदार, संडे स्कूलमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेली आणि आता मोठी झालेली मुलं. आजी गेल्यावर छावणीतल्या एक बाई भेटायला आल्या. त्यांचे यजमान वारले तेव्हा आजी रोज संध्याकाळी डबा घेऊन त्यांच्याकडे जायची, शेजारी बसून राहायची. उठताना 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे 23वं स्तोत्र म्हणायची आणि निघायची. आम्हाला घरी वाटायचं, ती महिला मंडळाच्या बैठकीला जाते. आम्ही तिची नातवंडं, एका छताखाली राहिलेलो, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. (कुणाला पैशाची मदत केली असेल तर मात्र त्या माणसाला विचारल्याशिवाय नाव घेऊ नका.)

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. घर चालवणारी बाई कडक असते, आणि तो कडकपणा लपवला की माणूस अर्धंच उरतं. धाकट्या काकांनी धर्माबाहेर लग्न केलं तेव्हा आजीने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. रोजच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायची, पण त्यांच्या घरची पायरी चढली नाही. काकूंचं बाळंतपण जवळ आलं आणि ही बॅग भरून त्यांच्या दारात उभी! सव्वा महिना राहिली. डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, शेक, सगळं स्वतः केलं. झाल्या गोष्टीचा विषय दोघींनीही काढला नाही. काकूंच्या देवघराला तिने कधी नावं ठेवली नाहीत, आणि काकू शेवटपर्यंत तिच्या पलंगापाशी बसून तिला शास्त्र वाचून दाखवायच्या.

आजीच्या स्मरण-उपासनेत काकूच बोलल्या. रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात पौल रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईला आपलीही आई म्हणतो, ते त्यांनी वाचलं, बाळंतपणाची गोष्ट सांगितली, आणि जागेवर जाऊन बसल्या. तुम्हीही सूनच आहात. मुलगा जे सांगू शकणार नाही असं बरंच तुमच्याकडे असेल, तेव्हा तुम्हाला बोलायला सांगितलं हे योग्यच झालं.

बोलायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, गळा दाटून आला तर दुसरं कुणी वाचू शकेल. आणि पाळकसाहेबांना आजच फोन करून सासूबाईंच्या आवडीचं गीत कळवा, म्हणजे शनिवारी सरावाच्या वेळी पेटीवाल्याला ते बसवता येईल.