शेरलॉक होम्स वाचायला घेतोयस? आधी कथा वाच

'अ स्टडी इन स्कार्लेट' ही १८८७ची पहिली कादंबरी, म्हणून तिथूनच सुरुवात करावी असं तुला वाटणं साहजिक आहे. पण माझं ऐक, ती थोडी मागे ठेव. मध्यावर गोष्ट अचानक लंडन सोडून अमेरिकेतल्या यूटामध्ये जाते आणि कितीतरी पानं होम्स दिसतच नाही. त्याची गोडी लागण्याआधीच पुस्तक मिटलं जातं.

त्यापेक्षा 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' घे. १८९२चा संग्रह, बारा कथा. पहिल्याच कथेत होम्स त्याच्या मित्राला, डॉ. वॉटसनला विचारतो, आपल्या जिन्याला पायऱ्या किती? शेकडो वेळा चढून-उतरूनही वॉटसनला सांगता येत नाही. सतरा, होम्स म्हणतो. नुसतं पाहणं वेगळं आणि निरखणं वेगळं, हे इतक्या साध्या प्रसंगातून पटवणारा लेखक मला दुसरा भेटला नाही. तिथे पुस्तक खाली ठेव आणि तुझ्या घरच्या पायऱ्या आठव.

वाचताना लक्ष वॉटसनवरही असू दे. बहुतेक कथा तोच सांगतो, त्यामुळे पुरावा आपल्यासमोर असतो, फक्त त्याचा अर्थ लागत नाही. (त्याची युद्धातली जखम एका कादंबरीत खांद्यावर आहे, दुसरीत पायात! लेखक आर्थर कॉनन डॉयलची ही चूक मला फार प्रिय आहे.)

'द फायनल प्रॉब्लेम' ही पुढच्या संग्रहातली कथा मात्र घाईने वाचू नकोस. आधी होम्सची सवय होऊ दे, मगच ती मनाला लागते.